नाव बुडवा म्हणणारा मिस्त्री

माय, माझ्या हातानं काय काय झालं ते आधी सांगतो, कारण तू गेलीस तेव्हा त्यातलं निम्मंही झालं नव्हतं. बैलबंड्या इतक्या की मोजणं सोडून दिलं. शाळेची बाकं. पाळणे. सावली गावच्या डॉक्टरीणबाईंचं कपाट, ज्याचं दार भर पावसाळ्यातही एका बोटानं उघडतं. आपल्या विहाराचा दरवाजा, ज्यात एक खिळा नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड. आणि वैनगंगेवर चार नावा. नाव म्हणजे डोंगा नव्हे, एका खोडातला कोरलेला. फळ्यांची नाव, सागवानाची, सांध्यांत सणाचे, म्हणजे तागाचे, पेळू ठोकून वर राळ आणि जवसाच्या तेलाचा लेप. पहिल्या तीन खाजगी होत्या. चौथी सरकारी घाटासाठी केली, आणि तिच्याबद्दलच लिहायचं आहे. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो.

तुझ्या चुलीजवळची एक दुपार आहे. तू मला पीठ मळायची लाकडी काठवट घासायला दिलीस, मी घासली, मांडवावर उन्हात टाकली आणि खेळायला गेलो. वैशाखाचं ऊन. संध्याकाळी तू भाकरीचं पीठ घेऊन बसतेस, पाणी ओततेस, आणि पाणी खालून सरळ मातीत उतरतं. काठवटीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग. मी मार खायची तयारी करून उभा. तू मारलं नाहीस. भेगेवरून अंगठा फिरवलास आणि म्हणालीस, "झाड होतं तवा पानी पेत होतं. तोडलं म्हून तहान जाते का रे त्याची?" मग ती काठवट तू नाल्यात दगडाखाली बुडवून ठेवलीस. आम्ही परातीत पीठ मळून खाल्लं बरेच दिवस. काठवट वर काढली तेव्हा भेग मिटलेली होती, नख जाणार नाही इतकी. तू मरेपर्यंत तिच्यातच पीठ मळलंस.

मला सुतारकी कोणी शिकवली नाही, हे मी लोकांना नेहमी सांगतो. आपण छप्पन सालानंतर बदललो, सुतारांचा ओटा बदलला नाही. मी ओट्याखाली उभा राहून बघायचो, आणि बघू नको म्हटलं की रस्त्यापलीकडून बघायचो. एक मोडकी बंडी मिळाली ती सांध्या-सांध्यानं सोडली आणि परत जोडली. लाकूड तासायचं वाकस तू आणलंस, मोहफुलांची भरली टोपली बाजारात देऊन, दांड्याविना नुसतं पातं. म्हणालीस, दांडा तरी तू कर. तो दांडा अजून तोच आहे.

नावेची गोष्ट अशी. आपल्याकडे होळीनंतर नदी आटते, माणसं पायी उतरतात, नावेचं काम संपतं. तेव्हा नाव काठावर ठेवत नाहीत. डोहात नेतात, आत दगड भरतात आणि बुडवून ठेवतात. मिरगाच्या तोंडावर दगड काढून वर आणतात. लाकूड ओलं राहतं, सांधे घट्ट राहतात. नदीवर मासे धरणाऱ्या ढीवरांचं लहान पोरगंही हे जाणतं. सरकारी नाव आम्ही अशीच ठेवायचो, मी आणि घाटावरचा ढीवर नावाडी, दोघं मिळून. घाट ज्या ऑफिसकडे होता, त्या ऑफिसला कधी विचारलं नाही, त्यांनीही कधी विचारलं नाही.

मग जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले. नदी मधोमध सीमा झाली, अलीकडचा काठ चांदा, पलीकडचा गडचिरोली, आणि ऑफिसात नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे लिहून ठेवतो. जीपनं घाट बघायला आला, डोहात वाकून बघितलं, तर सरकारी नाव दगडांनी भरून पाण्याखाली. त्याला वाटलं, कोणीतरी सरकारी माल बुडवला. त्याच दिवशी मजूर लावून नाव ओढून काढली, रेतीवर विटा रचून उभी केली, आणि मंत्री येणार म्हणून तिला निळा ऑइलपेंट मारला. वर ऑफिसचं नाव पांढऱ्या अक्षरांत. मी एका लग्नाच्या पलंगाच्या कामावर परगावी होतो. परत आलो तेव्हा नाव रेतीत तापत होती, वैशाख अर्धा संपला होता. मी कान लावला. माय, लाकूड वाळताना बोलतं. ती नाव बोलत होती.

मी ऑफिसात गेलो. धुतलेलं धोतर, टोपी. साहेबांच्या खोलीत साहेब होते, मोठे बाबू होते, टेबलाशी चपराशी होता, आणि बिलासाठी आलेला एक ठेकेदार होता. मी सांगितलं की फळ्या वाळून सुटल्या आहेत, पेंटामुळे दिसत नाहीत एवढंच. आता ही नाव मिरगापर्यंत पुन्हा पाण्यात ठेवा, मग मी सांधे तपासतो, मगच माणसं बसवा.

साहेब म्हणाले, "म्हणजे काय करू, नाव बुडवू?"

मी म्हणालो, "हो साहेब. बुडवा."

सगळे हसले. साहेब हसले, बाबू तोंडावर फाइल धरून हसले, ठेकेदार तर खोकेपर्यंत. साहेब म्हणाले, आत्ताच तर काढली मिस्त्री, तुमचा धंदा कसा चालेल ते कळतंय मला. मला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तो विनोद तालुकाभर झाला. चहाच्या टपरीवर मोठे बाबू मला बघून हाक मारायचे, "काऊन मिस्त्री, बुडवली का नाव?" पोस्टात, राशनच्या दुकानात, एस.टी.च्या थांब्यावर. कंडक्टर लोकांनाही माहीत. नावाड्यानं मला विचारलं, "भाऊ, काय करू?" मी म्हटलं, बसवू नको माणसं. तो म्हणाला, "मले तं हुकूम हाय." त्याचं पोट त्या घाटावर होतं.

पलीकडच्या काठावर बंगाली निर्वासितांचे कॅम्प आहेत. तू असतानाच आले होते, तुला आठवतील, लुगडं वेगळ्या तऱ्हेनं नेसणाऱ्या बाया, तू त्यांना मीठ दिलं होतंस. त्यांचे नातलग मागाहून देशाची सीमा ओलांडून येत राहिले, त्यांच्याकडे ना कार्ड ना जमीन, म्हणून ती माणसं अलीकडे सावलीच्या बाजूला धानाच्या रोवणीला यायची. पहिला पूर ओसरत होता. नाव भरून निघाली. मी काठावर नव्हतो, जे होते त्यांनी सांगितलं ते लिहितो: वारा नव्हता, लाट नव्हती, कोणी उठून उभं राहिलं नाही. पाणी खालून आलं. मध्यावर नाव जागच्या जागी खाली बसली, चुलीवरचं भांडं उतरवून ठेवावं तशी. नावाडीही हातातल्या बांबूसकट बुडाला. पुढे वाकणात सापडलेल्या फळ्या मी स्वतः बघितल्या. पेंटाचे निळे पापुद्रे लोंबत होते आणि दोन फळ्यांच्या मध्ये माझं बोट जात होतं. माझ्या नावेत, माय. जिच्यात मी केस जाईल एवढी फट सोडली नव्हती.

आरडाओरडा झाला, सभागृहात प्रश्न निघाला, आणि आमदारांची समिती आली. बसली विश्रामगृहाच्या व्हरांड्यात, टेबलावर हिरवं कापड. त्यांना एकच शोधायचं होतं: नाव धोक्याची आहे हे ऑफिसला आधी माहीत होतं का. माझा नंबर येईपर्यंत मी पायरीवर बसलो होतो. शेजारी कॅम्पातला एक माणूस. त्याची बायको त्या नावेत होती. आदल्या वर्षीच देशाच्या सीमेपलीकडून आलेली, कार्ड नव्हतं. तिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, तर बुडालेल्यांच्या यादीत कसं येणार. त्यानं मला मोडक्या हिंदीत विचारलं, "मिस्त्री, ओ लोग जानता था?" मी म्हटलं, जानते थे. तो म्हणाला, "तो लिख देगा ना? रुपिया नहीं माँगता. बस लिख दे, जानता था." त्याचं म्हणणं मला तेव्हा पुरतं कळलं नाही, नंतर कळलं. नदीनं मारलं तर माणूस कोणाकडे बघणार? माहीत असून बसवलं असं कोणी लिहिलं, तर निदान ती नावेत बसली होती एवढं तरी खरं होतं.

मला आत बोलावलं. मी सगळं सांगितलं, साग, सण, राळ, ऊन. अध्यक्षांनी विचारलं, हे ऑफिसात सांगितलं त्याला साक्षीदार कोण? मी म्हटलं, जे हसले ते सगळे. त्यांनी विचारलं, हसले म्हणजे? कशाला हसले? तेव्हा मला ते वाक्य परत म्हणावं लागलं, साहेब, नाव बुडवा. आणि हिरव्या कापडामागे कडेला बसलेले एक आमदार हसले. लगेच रुमाल काढला, पण हसले. मी त्यांना दोष देत नाही. ते वाक्यच तसं आहे, ऐकणाऱ्याला पाण्याची सवय नसली तर.

मोठ्या बाबूंना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "ऑफिसात कोणी हसत नाई साहेब." चपराश्याला आठवत नव्हतं. ठेकेदार त्या दिवशी नागपूरला होता म्हणे. साहेब म्हणाले, त्यांना नाव पाण्यात बुडालेली सापडली, त्यांनी ती वाचवली, रंगवली. नाव मुळातच सदोष असावी. त्या दिवसापासून तालुक्यातला एकही माणूस तो विनोद सांगेना. टपरीवर गेलो की सगळे कपात बघायचे. ज्यांनी मला महिनाभर हाका मारल्या, त्यांच्यातल्या एकालाही तो ऐकल्याचं आठवेना. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी एका दमात कोणालाच माहीत नसावी, हे मी आधी कधी बघितलं नव्हतं.

शेवटी अध्यक्षांनी मला विचारलं, "लाकूड बुडवून ठेवायचं, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, कोणी नाही, मी स्वतः शिकलो. त्या टेबलापुढे मला काठवटीचं नाव घ्यायची लाज वाटली. नावेच्या विद्येला चुलीपासून सुरुवात कशी सांगायची? म्हणून तुला गाळलं. त्यांनी काय काय गाळलं ते मी एवढं मांडून लिहितो आहे, तर माझंही यात राहू दे.

अहवाल आला तेव्हा शाळेच्या गुरुजींनी मला वाचून दाखवला, मला वाचता येतं तरी. कार्यालयास नावेच्या अवस्थेची पूर्वकल्पना असल्याचे दिसून येत नाही. बांधणीतील दोष नाकारता येत नाही. मी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. कॅम्पातला तो माणूस एकदा दुकानावर आला, मी रंधा मारत होतो. भुशातला एक सागाचा तुकडा त्यानं उचलला, हुंगला, ठेवला आणि गेला. नंतर ऐकलं की दंडकारण्याच्या बाजूला कुठं निघून गेला.

मी तेव्हापासून नाव केली नाही. कोणी सांगितलीही नाही. घाटावर आता लोखंडाची आहे, तिला तहान लागत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, विहाराच्या दरवाजाच्या वरच्या चौकटीत एक पोकळी मी करताना मुद्दाम ठेवली होती, तिथंही नको. तुझ्या काठवटीत घडी करून ठेवतो. एकच सांगायचं राहिलं, बायकोलाही सांगितलं नाही. समितीच्या आदल्या दिवशी तो ठेकेदार दुकानावर आला होता. म्हणाला, मी ऑफिसात कधी गेलोच नव्हतो, एवढंच समितीपुढे म्हणायचं. बदल्यात दोन्ही जिल्ह्यांच्या घाटांच्या सात नावा माझ्या हातच्या. मी नाही म्हटलं. पण तो सायकलला टेकून उत्तराची वाट बघत होता तेवढ्यात, माय, माझ्या मनात साग निवडून झाला होता, धानोऱ्याकडचा, सरळ रेषेचा. सातही नावा पाण्यावर दिसल्या. मग नाही म्हटलं. सात नावांच्या कामाला, आणि तो त्याच वेळी हातावर ठेवायला आणलेल्या आगाऊ चौदा हजार रुपयांना.