ज्याच्या घरचा बंब

आई, आज भरदुपारी लाईट गेली आणि मला तुझा बंब आठवला. दिल्लीत कोपर्निकस मार्गाच्या गेस्ट हाउसमागे आपली क्वार्टर्स, तू गेस्ट हाउसात स्वयंपाकाला. थंडीत पाच घरांच्या आंघोळी तुझ्या एका बंबावर. शेजारीण वेगळी चूल पेटवायला लागली की तू दारातूनच ओरडायचीस, "पाच घरांचे पाच धूर कशाला गं? पाठव पोरांना इकडे!" एकदा मी सगळ्यांच्या आधी घुसले. बंब आपला, तर नंबरही आपला, एवढंच माझं सातवीचं डोकं. तू दंडाला धरून बाहेर काढलंस, केसांना साबण तसाच. "ज्याच्या घरचा बंब, त्याचा नंबर शेवटी." तू स्वतः उरलेल्या कोमट पाण्याने उरकायचीस. मला इतका राग आलेला तुझा.

आता मी मयूर विहारला मुलाकडे असते. त्याची नवी कंपनी, नवी गाडी, नवा एसी, सगळं चार-पाच वर्षांत आलं. शेजाऱ्यांकडेही आलं. सगळे एसी एकदम लागतात, ट्रान्सफॉर्मर बंद पडतो, मग खाली भिंतीशी घराघराचे डिझेल जनरेटर धडधडायला लागतात. तळमजल्यावरचे रिटायर्ड मास्टरजी दम्याचे. मे महिन्यात खिडक्या लावून, तोंडाला ओला टॉवेल धरून बसतात. डॉक्टर म्हणाला, घर बदला. ते म्हणतात, या वयात कुठे जाऊ?

खरं तर किती सोपं आहे. मागच्या भिंतीशी सगळ्यांचा मिळून एकच जनरेटर, उंच पाइप लावून, त्यावर फक्त पंखे नि दिवे. दुपारी एसी पाळीपाळीने, म्हणजे लाईट जाणारच कमी. पण दोन उन्हाळे नुसत्या मिटिंगा! सेक्रेटरी म्हणतो, "पहले बिजलीवाले हाँ बोलें, आंटीजी." बिजलीवाले म्हणतात, "पहले सोसायटी लिखके दे." तिसऱ्या मजल्यावाला म्हणतो, "हमारे अकेले के बंद करने से क्या होगा?" एका संस्थेची मुलगी आली, पृथ्वी कशी तापतेय त्याची चित्रं दाखवली, सगळ्यांना बिल्ले लावून गेली. सुनेच्या कंपनीने माणशी एक रोप दिलं. ते आमच्या एसीच्या गरम हवेने वाळलं.

परवाच्या मिटिंगमध्ये माझं डोकं फिरलं. उठले नि म्हटलं, "एक जनरेटर नहीं संभलता, चले धरती बचाने!" सगळे हसले. मास्टरजीही हसले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची जी उबळ आली ती थांबेचना. थांबली तेव्हा डोळे पुसत त्यांनी मला विचारलं, "बिल्कुल ठीक, बहनजी. तो पहले किसका बंद करें?"

कोणी छताकडे बघायला लागलं, कोणी चहात. मीपण चहाच बघितला, आई. आणि खाली बसले.

या पत्राला तिकीट कुठलं लावायचं? राहू दे गादीखाली. आत्ता खाली मास्टरजींची खिडकी लागल्याचा आवाज आला. सोसायटीतला सगळ्यात मोठा जनरेटर आमचा आहे. हे लिहितेय तेव्हा डोक्यावरचा पंखा त्याच्यावरच फिरतोय.