कॅन्सरचं इंजेक्शन

छावणी, छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप कारभारीमामांच्या चरणी भाचा शिवमचा दंडवत.

तुमचा गुडघा कसा आहे, म्हैस व्याली का आणि मामीच्या छातीतलं पाणी किती वाढलं? (याच क्रमानं विचारतो, कारण फोनवर तुम्ही याच क्रमानं सांगता.) फोन सोडून पत्र लिहितोय, कारण तुम्ही स्पीकर लावता आणि मामी शेजारीच भाकरी थापत असते.

तर मामा, काल आपल्या गल्लीतला कडुबा खोकणाऱ्या सासूला घेऊन आमच्या प्रयोगशाळेच्या गेटवर हजर. वॉचमनला विचारतो, कॅन्सरचं इंजेक्शन देणारे शिवमसाहेब कुठं बसतात? मी कपाळावर हात मारला. अहो, तापाचं इंजेक्शन म्हणजे ताप घालवणारं, हे कबूल. पण आमच्या कॅन्सरच्या इंजेक्शनात कॅन्सरच असतो! तो मी चांगल्या धडधाकट उंदरांना टोचतो, म्हणजे पुढं त्यांच्यावर औषधं तपासता येतात. तुम्ही त्या एका 'चं'वर अख्ख्या गंगापुरात माझी जाहिरात करून बसलात.

आता माझं खरं कर्तृत्व ऐका. आधी आम्ही शेपटीच्या शिरेत टोचायचो, तर फुप्फुस सोडून गाठी भलतीकडंच उठायच्या. मग तनुजा मॅडम (आमच्या गाईड, त्यांना हसताना अजून कुणी पाहिलेलं नाही) म्हणाल्या, थेट छातीत टोचा. उंदराची छाती ती केवढी! सुई जरा जास्त आत गेली की फुप्फुस फुटायचं आणि गडी जागेवर खल्लास. कॅन्सरला बिचाऱ्याला संधीच मिळायची नाही. शेवटी मी सुईवर प्लास्टिकच्या नळीचा तुकडा चढवला, नुसतं टोक उघडं ठेवलं. आता सुई बरगड्यांमधून जाते आणि जिथं थांबायचं तिथं थांबते. उंदीर आता सुईनं मरत नाहीत, रीतसर कॅन्सरनं मरतात. मॅडमनी चारचौघांत कौतुक केलं, मामा, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

हे सगळं कडुबाला समजावलं, मोबाइलवर उंदरांचा फोटोही दाखवला. तो म्हणतो, "लई गुटगुटीत दिसायलेत की! मंग आमच्या म्हातारीला बी द्या एक, तिला अशक्तपणा लई हाय." मी हात जोडले. तर निघताना सहज बोलून गेला, "वच्छलाकाकू दवाखान्यात जायाला तयारच नाय. म्हणती, माझा भाचा हाय ना, त्याच्याच हातची सुई घेईन."

मामा, मामी असं म्हणते? डॉक्टरांनी पाणी काढून तपासायला कधीचं बोलावलंय आणि ती माझी वाट बघत बसलीय? आई गेल्यावर तिनं मला वाढवलं. तिला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू? आणि माझ्याकडं तिच्यासाठी औषधाचा एक थेंब नाही. हे तिला आजच्या आज, स्पष्ट सांगा. माणसाला खोट्या आशेवर ठेवणं पाप आहे.

तुमचा,
शिवम

ता. क. मॅडमनी रजा दिलीय. सोमवारी जीप करा आणि तिला घेऊन या. मी दवाखान्याच्या दारात उभा आहे.

आणखी ता. क. वरचं तिला काही म्हणजे काही सांगू नका, नाहीतर ती यायचीच नाही. म्हणा, शिवमनं इंजेक्शन तयार केलंय, मोठे डॉक्टर नुसतं टोचणार. आणि तिनं विचारलं, उंदीर बरे झाले का, तर म्हणा, सगळे.