तीन पॉइंट आठचं काय करायचं

२ जून २०२५

गौरवचा पुन्हा मेसेज. "योगिनी, पायथन ३.८ चा सपोर्ट काढ आता. बनवणाऱ्यांनीच सोडलंय, आपण कशाला धरून बसायचं?" बरोबरच आहे त्याचं! आमची लायब्ररी, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारा पायथनमधला कोड, नदीची पातळी वाचून लोकांना मेसेज धाडते. सांभाळणारे दोघंच — तो बंगळुरात, मी इथं रत्नागिरीत, ऑफिस करून. वापरणारे चाळीसेक. ३.८ वर उरलेत एकटे आत्मारामकाका.

४ जून

मेसेज पोचवणाऱ्या कंपनीची मेल. १ जुलैपासून जुनी पद्धत बंद. नव्या पद्धतीचं पॅकेज ३.१० च्या आधीच्या पायथनवर चालतच नाही. झालं!

८ जून, रविवार

काकांकडे जाऊन आले. पोफळीच्या पॉवरहाऊसमधून रिटायर झालेले, घरामागं नदी. एकवीसच्या पुरानंतर स्वतःच सेन्सर बसवला. चिपळूणच्या बाजारातल्या त्रेसष्ट जणांना रोज सकाळी पातळी कळते. पाणी चढायला लागलं की दर अर्ध्या तासानं.

पण मशीन विंडोज सेव्हन! त्यावर ३.८ च्या पुढचं चढत नाही. आणि मशीन बदलावं, तर सेन्सर जोडायचं जुनं कार्ड माझ्या नव्या लॅपटॉपवर चालत नाही. संध्याकाळपर्यंत खटपट केली. काका दोनदा चहा घेऊन आले.

"नाय जमत तर ऱ्हाऊ दे गो. कशाला जिवाला लावून घेतेस?"

मान वर करून बघवेना.

१५ जून

नव्या पद्धतीनं मेसेज धाडायचा भाग ३.८ साठी हातानं लिहायला घेतलाय. एक चूक काढली की दोन नव्या.

१९ जून

सगळ्या टेस्ट लाल, एकही पास नाही.

२३ जून

गौरव फोनवर चिडला. "एका युजरसाठी?"

"त्या एकामागं त्रेसष्ट जण आहेत."

"मग तू बघ. मी सोडतो. दमलो गं, खरंच."

मीही दमलेय.

२६ जून

३.८ काढलं. आता कमीत कमी ३.१०. गौरवनं अंगठा पाठवला. काकांना सांगायला फोन लावला — उचलला नाही. सुटल्यासारखं वाटलं. शी!

२९ जून

चार वेळा लावला. नुसती रिंग. मग बंदच.

१ जुलै

सकाळी काकांच्या नंबरवरून फोन. त्यांची सून, मालन. "ताई, मामंजी गेले. बावीस तारखेला. झोपेतच." आम्ही ज्यांच्यावरून भांडलो ते आदल्याच दिवशी...

"त्यांच्या मशीनला कुणी हात लावला नाय. रोज मेसेज जात होते. आज गेला नाय म्हणून बाजारातून विचारतायत. काय सांगू?"

"मशीन चालू ठेवा," एवढंच म्हटलं.

गौरवला कळवलं. म्हणाला, "३.८ साठी अर्धवट लिहिलंयस ना, ते पाठव इकडं."