पंचेचाळीस सेकंदांची तयारी

३ मार्च, सकाळी ९
स्पर्धेला पंचवीस दिवस. नदीतल्या लाटेवर कयाक, म्हणजे एकट्याची छोटी होडी, टिकवायची आणि पंचेचाळीस सेकंदांत जमतील तितक्या गिरक्या मारायच्या. धरणाचं पाणी सहा ते आठ सोडतात, तेवढा वेळच लाट. पाणी पळतं, लाट मात्र जागच्या जागी उभी. हे मला पटलं. आज दोन सेकंद टिकलो. पहिला दिवस धरत नाहीत.

५ मार्च
ही बहिणीकडे जाऊन दीड महिना झाला. थोडा चेंज. जाताना म्हणाली, तुला कशाचं काही वाटतच नाही. वाटतं. फक्त चेहऱ्यावर येत नाही. लाटेवर बघेल तेव्हा कळेल आणि परत येईल, असा एकूण प्लॅन आहे. फोन करून आमंत्रण दिलं. बघते म्हणाली. म्हणजे येणार.

६ मार्च
कपाट उघडलं. हिने हिवाळ्याचे स्वेटरही नेलेत. पहिल्यापासून व्यवस्थित.

९ मार्च, ८.१५
होडी उलटली. आत बसल्या बसल्या ती सरळ करणं म्हणजे रोल. तो मी ऐनवेळी करणार आहे, सरावात शक्ती कशाला घालवा? तोवर होडीतून निसटून वाहत जातो. प्रवाह रोज पुलाच्या तिसऱ्या खांबाशी सोडतो. इंचाचा फरक नाही. मास्तर म्हणाले, पालथ्या घड्यावर पाणी. मास्तर म्हणजे आमचे कोच, रिटायर्ड पोस्टमन. विनोदी गृहस्थ.

१४ मार्च
बोटं बधीर. शर्टाची बटणं लागेनात. वरून जॅकेट घातलं आणि ऑफिस गाठलं. साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? म्हटलं, एकदम. आज सहा सेकंद! मास्तरांच्या घड्याळात चार. जुनं घड्याळ.

१८ मार्च
उद्यापासून रोल. नक्की.

१९ मार्च
पाणी फार गार. रोल उद्या.

२२ मार्च
मेहुणीचा फोन. ही येणार! कुठे उभं राहायचं, एवढंच विचारलंय. म्हटलं, लाटेसमोर, पहिल्या रांगेत. एका कागदावर माझी सही हवी आहे, तोही घेऊन येईल म्हणाली. बहुधा घराच्या विम्याचा. उशांचे अभ्रे बदलले. दोन्ही.

२७ मार्च
रोल जमला. पलंगावर. तीनदा. चौथ्यांदा खाली पडलो, पण सरळ पडलो. घोडामैदान जवळच आहे.

२८ मार्च, दुपारी ३
धरणाने आज पाणी जास्त सोडलं. लोक म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं. अंगण खरंच वाकडं होतं.

लाटेवर चढलो आणि आधी पहिली रांग बघितली. ही नव्हती. तीन सेकंदांत उलटलो. पाण्याखाली रोल आठवला, पण तिथे पलंग नव्हता.

तिसऱ्या खांबाशी बाहेर आलो. ही तिथे उभी. हातात टॉवेल. आल्या आल्या मास्तरांना विचारलं म्हणे, तो कुठे दिसेल? त्यांनी थेट खांब दाखवला.

कागद विम्याचा नव्हता. वकिलाचा होता. पेन दिलं, ते बोटांतून दोनदा पडलं. अंगठा चालेल का, विचारलं. हसली थोडी. नाही चालत म्हणाली, थांबते मी.

गाडीत हीटर लावून बसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदाच शेजारी. मला फार वाईट वाटत होतं. ते तिला सांगायचं होतं. त्याऐवजी म्हटलं, पाणी जास्त सोडलं आज. हो ना, म्हणाली. हात मी हीटरपासून जरा लांबच धरले होते. तिच्या ते लक्षात आलं. तिने दोन्ही हात ओढून हीटरपुढे धरले आणि एकेक बोट चोळत राहिली, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत चोळायची तशी.

पाच मिनिटांत बोटं सुटली.

सही छान आली.