निम्म्या टाकीला पाव

बाबा,

या कागदात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: तुमच्या ड्रायव्हरने गाडीतले पेट्रोल चोरले नव्हते. पुरावा गाडीतच आहे. पेट्रोलचा मूळ काटा बंद पडल्यावर तुम्ही चंद्रपूरच्या बाजारातून दुसरा आणून बसवलात. टाकीतला, पेट्रोलबरोबर वरखाली होऊन काट्याला पातळी कळवणारा फ्लोट मात्र जुनाच राहिला. दोघांचे माप जुळते का, हे पाहिले नाहीत. मी गेल्या आठवड्यात पाहिले. फ्लोट मागाहून कोणी बदलला असेल, हा संशय मलाही आला. पण त्याचे गंजलेले स्क्रू कधी उघडलेलेच नव्हते. मग टाकी रिकामी करून मापाने पेट्रोल ओतवले. रिकाम्या आणि भरल्या टाकीला काटा बरोबर दाखवतो. निम्म्या टाकीला मात्र पाव. आलापल्लीच्या फेरीहून गाडी परतल्यावर तुम्हाला जे पेट्रोल नाहीसे झालेले दिसे, ते टाकीतच होते.

काटा खोटा आहे, हे ड्रायव्हरने अंगणात उभे राहून तुम्हाला सांगितले होते. तुमचे उत्तर मी स्वयंपाकघरातून ऐकले: "काट्याले पोट हाय का? तो पिऊन राह्यला का पेट्रोल?" आई हसली. तो हसला नाही. पुढे काही महिन्यांनी तुम्ही त्याला काढलेत, आणि मी तुमच्या गाडीत बसणे सोडले. तुम्ही गेलात तोवर बसले नाही.

इथवर काल लिहिले. आज त्याच गाडीने ब्रह्मपुरीजवळच्या त्याच्या गावी गेले आणि हे सारे त्याच्या नातसुनेदेखत मोठ्याने वाचले. ती कप घेऊन आत जाण्याची त्याने वाट पाहिली. मग म्हणाला, "बाई, काटा खोटाच होता. पहिले मी काईच नेलं नाई. पण साहेब रोजच चोर म्हणून राह्यले, तवा काढली बाटलीभर. मंग काढतच राह्यलो."

मला बरे वाटावे म्हणून सांगता का भाऊ, असे मी विचारले.

"मंग, वाटलं का बरं?"

साक्षीदार खोटा ठरला म्हणून आरोपी निर्दोष ठरत नाही, हे मी कॉलेजात आयुष्यभर शिकवले. पहिले वाक्य खोडायला हवे; खोडत नाही. कागद गाडीच्या कप्प्यात राहील.

चूक एकच नोंदवते. तुमच्या गाडीत बसणे सोडण्याआधी मी त्याला एकदाही विचारले नव्हते.

— तुमची मुलगी