धमनीवरची साय

४ जून
काल घरी आलो. ह्यांच्या हृदयाच्या एका धमनीत आता बारीक जाळी आहे. मनगटातून नळी घालून बसवली, छातीवर ओरखडाही नाही. शेजारचे बघायला आले, जरा निराशच होऊन गेले.

६ जून
डॉ.ना विचारलं, फुग्याने धमनी ताणलीत, आतलं अस्तर फाटलं असणार, त्याचं काय? म्हणाल्या, "मॅडम, जखमच ती. पण कडेच्या पेशी सरकत येतात, जाळीवर नवं अस्तर धरतं." दुधावर साय धरते तसं! तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. धमनी म्हणजे फळ्यावरची तीन वर्तुळं. लाज वाटली. आनंद त्याहून जास्त.

७ जून
साय जाड झाली तर वाट पुन्हा अरुंद. धरलीच नाही तर उघड्या तारेवर गुठळी. वाढ बेताची व्हावी म्हणून जाळीला औषध लावलेलं. अस्तर धरेपर्यंत गुठळी होऊ न देणारी गोळी, एकही चुकवायची नाही. डबीवर ठळक लिहिलं: सकाळी, जेवणानंतर.

१९ जून
डबीत कालची गोळी तशीच!
"अहो, हे काय?"
"काल संकष्टी. सकाळी जेवलो कुठे? तूच लिहिलंयस."
रात्री चंद्र बघून जेवले, पण गोळी सकाळची, म्हणून नाहीच घेतली. बाप्पावर श्रद्धा, बायकोच्या अक्षरावरही. डॉ.ना फोन. "आजची आत्ता द्या. उपास असो नसो." डबीवरचं 'जेवणानंतर' खोडलं. चूक बाईंची.

२ जुलै
काही झालं नाही. ह्यांचा उपास होता त्या दिवशीही आत काम चालूच असणार. मुकादम नाही, हजेरी नाही, आणि नेमकं कुठे थांबायचं तेही ठाऊक. आमच्या सोसायटीच्या भिंतीची भेग तीन वर्षं मीटिंगमध्येच आहे. खरंच, हात जोडावेसे वाटतात.

१८ जुलै
संकष्टी. ह्यांनी आधी गोळी घेतली, मग अथर्वशीर्ष.

२१ नोव्हें.
साय बेताचीच धरली का? डॉ. म्हणतात, त्रास नाही तोवर आत जाऊन बघायचं नाही. त्रास नाहीच. रोज दोघं नदीकाठी फिरून येतो.

२४ नोव्हें.
फिरून येताना हे दुसऱ्या जिन्यावर थांबले. हात छातीवर.
"काय होतंय?"
"कुठे काय, खिशात किल्ली बघतोय."
किल्ली माझ्या हातात होती. डॉ.ची उद्या अकराची वेळ घेतली आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.