बाकावरचा तोतया

५ जुलै
टुक — पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज. कवितेच्या तासाला, शेवटच्या बाकावर. आज डॉक्टर माझा रिपोर्ट वाचत होते आणि मला लहानपणीचं ते टुक ऐकू येत होतं. बेकरीवाल्याचा पिठ्या माझ्या शेजारी बसायचा. मास्तर फळ्याकडे वळले की डबा उघडायचा. लोण्याची बिस्किटं! कवितेची पहिली ओळ तो म्हणायचा, दुसरी मी — तोंडात बिस्कीट असलं तरी.
आता बेकरी त्याची. मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यांवर बसून रोज दुपारी आमचं अजून तेच चालतं. डबासुद्धा तोच.
डॉक्टर म्हणाले, "कोलेस्टेरॉल फार वाढलंय, काका. लोणी बंद. तीन महिने बघू, नाहीतर गोळ्या."
सूनबाई म्हणाली, "लोणी बंद म्हणजे बेकरीच बंद. आकडा उतरला की खुशाल जा, बाबा."

६ जुलै
घरात नवा डबा आला. दिसायला लोणी, चवीला काहीच नाही. झाडपाल्यातली स्टेरॉलं घातलीत म्हणे. डॉक्टरांना फोन केला — हे करतं काय?
"कोलेस्टेरॉलचा जुळा भाऊ समजा. आतड्यात त्याच्या जागेवर हे आधी जाऊन बसतं. मग त्याला बसायला जागा नाही. तो बाहेर."
म्हणजे तोतया! वर्गाबाहेर काढलेल्या त्या बिचाऱ्या कोलेस्टेरॉलची मला दयाच आली.

१९ जुलै
पावाला तोतया लावून खाल्ला.

२ ऑगस्ट
बाहेर काढलेल्या कोलेस्टेरॉलवर कविता केली. मुलाला वाचून दाखवली.
"बाबा, तो तुमच्या रक्तवाहिन्या तुंबवतोय आणि तुम्ही त्याला श्रद्धांजली वाहताय?"
जुनी ओळख आहे, म्हणालो.

२१ ऑगस्ट
संध्याकाळी फिरायला नेताना सूनबाई मला बेकरीच्या समोरच्या फुटपाथवरून नेते. आज ती भाजी घ्यायला थांबली. मी पलीकडे पाहिलं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. पोत्यावर — माझ्या पोत्यावर — कुणी टकले गृहस्थ बसलेले. पिठ्या हातवारे करून त्यांना काहीतरी म्हणून दाखवत होता.
घरी येऊन जेवलो नाही. सूनबाईला वाटलं, पथ्य अंगवळणी पडलं.

६ ऑक्टोबर
आकडा उतरला. डॉक्टर म्हणाले, "थोडं त्या स्टेरॉलांनी केलं, बरंचसं लोणी सुटल्यानं. गोळ्या नकोत."
सूनबाई हसली. "जा बाबा आता. एकच बिस्कीट मात्र."
नको म्हणालो.
"मग तीन महिने तोंड पाडून बसलात ते कशासाठी?"
जागा भरली, हे तिला कसं सांगू? तोतयाचं काम मला नीट समजलंय आता.

७ ऑक्टोबर
दुपारी बेल वाजली. दारात ते टकले गृहस्थ. बगलेत पत्र्याचा डबा.
"मी तुमच्या पिठ्याचा मेहुणा. त्याचा आकडा तुमच्याहून वाईट. लोण्याला हात लावू नये म्हणून ताईनं मला राखणीला बसवलंय. डबाही माझ्याच ताब्यात — त्याच्यापाशी ठेवला की तो बिस्किटं भरतो. पण रोज दुपारी पहिली ओळ म्हणतो आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतो. मला कुठली येते दुसरी ओळ? चला हो, सोडवा मला."
चपला सापडेनात. सूनबाईनंच आणून पुढ्यात ठेवल्या.